टिपणीस पंप्समधलं हरवलेलं लॉक

फोन शेजारच्यांकडे आला. कुमुदिनी दिघे संध्याकाळच्या कीर्तनाचं आख्यान मनात घोळवत झेंडूचं तोरण ओवत होत्या. सुई हातात तशीच घेऊन त्या शेजारी गेल्या.

"आत्या, मी उमा. तू आत्ताच्या आत्ता कंपनीत ये."

"दसऱ्याच्या दिवशी? काय झालं?"

"लॉक हरवलंय. साहेब म्हणतायत, बारापर्यंत मिळालं नाही तर माझ्या नावाने पोलिसांत जाणार."

"कसलं लॉक गं?"

"ये ना तू." पलीकडे उमाचा आवाज फुटला आणि फोन बंद झाला.

सुई तोरणात खोचून कुमुदिनीताई निघाल्या. बदलापूरहून अंबरनाथ एमआयडीसीपर्यंतच्या रस्त्यात त्यांनी रिक्षावाल्याला तीनदा विचारलं, "अजून किती?" तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, उडवून नेऊ काय?"

उमा चौबळ त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. टिपणीस पंप्समध्ये दीड वर्षापासून कॉम्प्युटर ऑपरेटर. ब्याण्णव सालचा तो दसरा. त्या भागात कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी म्हणजे घरादाराला मिरवायची गोष्ट होती. तिच्यावर चोरीचा आळ?

फाटकातून आत शिरताच त्यांना ते दिसलं. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. कामगार धुतलेल्या कपड्यांत, हातात आपट्याची पानं. पण कोणी कोणाला सोनं देत नव्हतं. सगळे घोळक्याने उभे राहून ऑफिसच्या काचेकडे बघत होते.

काचेपलीकडे उमा एकटी खुर्चीत बसली होती.

मालक शंकरराव टिपणीस दारातच भेटले. चांगला माणूस, पण आज कपाळावरची शीर उडत होती.

"कुमुदिनीताई, तुमचं कीर्तन मी ऐकलंय, तुमचा मला आदर आहे. पण तुमच्या भाचीने मला तोंडघशी पाडलं."

"आधी काय झालं ते तरी सांगाल?"

त्यांनी सांगितलं. कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. स्टोअर, ऑर्डरी, बिलं, सगळं एका जागी. दोन महिने जुन्या वह्या, रजिस्टरं आणि कॉम्प्युटर बरोबरीने चालवले. आज दसऱ्याच्या मुहूर्तावर वह्या बंद आणि कॉम्प्युटर एकटा चालू, असं ठरलेलं. सगळ्यांसमोर पहिलं चलान छापायचं होतं. पाटावर पेढे मांडले, उमाने बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली: लॉक सापडत नाही.

"हे लॉक म्हणजे काय?"

"काड्यापेटीएवढी डबी. कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरची केबल लागते ना, तिथे मध्ये बसवायची. ती नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. कंपनीवाले चोरून कॉपी होऊ नये म्हणून देतात. नवीन मागवायला महिने लागतील."

"आणि उमावर संशय का?"

"काल खंडेनवमी. पूजा झाली, तेव्हा लॉक होतं. पूजेनंतर कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप उमाने लावलं. किल्ली तिच्याकडे. दुसरी माझ्या तिजोरीत, ती हललेली नाही. आज कुलूप उमानेच काढलं. आता तुम्हीच सांगा."

"पूजेच्या वेळी होतं, हे कोण म्हणतं?"

"पेंडसे. आमचे अकाउंटंट. सॉफ्टवेअर त्यांनीच निवडलं."

कुमुदिनीताईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

"मला तासभर द्या. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण माणसं कळतात."

शंकरराव थकल्यासारखे म्हणाले, "विचारा."

बाळ पेंडसे पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात ते पहारा दिल्यासारखे उभे होते.

"ताई, आत कोणी हात लावायचा नाही. पोलिसांना बोटांचे ठसे मिळायला हवेत. मी सकाळपासून कोणाला जवळ जाऊ दिलेलं नाही."

"बरं केलंत. लॉक तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"स्वतः. काल पूजा झाल्यावर मी वाकून पाठीमागे बघितलं. जागेवर होतं."

"नक्की? अंधार असेल तिथे."

"ताई, एवढा जीव लावून आणलंय हे सॉफ्टवेअर. मी चुकेन? राखाडी रंगाचं. त्यावर कुंकवाचं बोट, त्यात दोन अक्षता चिकटलेल्या. अजून डोळ्यांपुढे आहे."

"कोणी घेतलं असेल?"

पेंडश्यांनी मान खाली घातली. "मी कोणाचं नाव घेणार नाही. मुलगी चांगली आहे. पण तो टेकचंद काल पूजेला आला होता. उल्हासनगरचा. त्याचंही सॉफ्टवेअर होतं, आम्ही घेतलं नाही. कोणी कोणाला काय आमिष दाखवलं, देव जाणे."

कुमुदिनीताई उमाजवळ गेल्या. पोरीने डोळे पुसून पुसून लाल केले होते.

"आता रडायचं नाही. विचारते तेवढं सांग. मशीन शेवटचं कधी चाललं?"

"परवा, अष्टमीला संध्याकाळी. काल खंडेनवमी, पूजा झालेलं हत्यार चालवत नाहीत. लेथसुद्धा बंद, मग कॉम्प्युटर कसा लावणार?"

"परवा बंद कोणी केलं?"

"पेंडसेकाकांनी. मला म्हणाले, तू स्टोअरमध्ये जाऊन हरिचंद्रकडून मोजणीचे कागद आण, मी करतो बंद. मी आले तेव्हा झालं होतं. मग मी खोलीला कुलूप लावलं."

"हरिचंद्र कुठे होता?"

"माझ्यासमोरच. स्टोअरमध्ये. आमचं भांडण चाललं होतं."

"कशावरून?"

"रोजचंच. जॉबला गेलेला माल. आपण पंपाच्या बॉड्या ओतून आणतो, मग त्या उल्हासनगरला टर्निंगला जातात, घासून परत येतात. हे सॉफ्टवेअर दुकानासाठी बनवलेलं आहे गं. माल एकतर दुकानात, नाहीतर विकला. तिसरी जागाच नाही. टर्निंगला गेलेल्या बॉड्या कुठे दाखवायच्या? स्टोअरमध्ये दाखवल्या तर रॅक रिकामा. नाही दाखवल्या तर हरिचंद्रकाकांवर कमी पडल्याचा ठपका."

"पेंडश्यांना सांगितलंस?"

"कितीदा. परवा हरिचंद्रकाका वैतागून म्हणाले, दसऱ्याला सगळ्यांसमोर साहेबांना विचारतो. ते मी लगेच पेंडसेकाकांना सांगितलं. ते म्हणाले, दसऱ्यापर्यंत कळ काढा, मग बघू."

"हे मशीन बंद करायच्या आधी की नंतर?"

उमाने आठवलं. "आधी. दुपारीच. संध्याकाळी तर ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत."

कुमुदिनीताई उठल्या. त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. काचेपलीकडे कामगारांचा घोळका वाढला होता. कोणीतरी हसलं. ते हसणं उमाने ऐकलं आणि मान आणखी खाली घातली.

स्टोअरकीपर हरिचंद्र म्हात्रे बदलापूरकडचा. बारवीच्या वाटेवर त्याची भातशेती. तो रॅकला टेकून तंबाखू मळत होता.

"मना इचारू नका, बाय. तो कॉम्प्युटरचा डबा आला तवापासून माझ्या डोक्याला ताप."

"म्हणून लॉक काढून टाकलंस?"

"मी?" तो उसळला. "मना तो डबा बंद पाडायचा असता तर हातोडा नाय काय स्टोअरला? आन् मी आज साहेबांसमोर बोलणारच होतो. डबा चालू झाला असता तरच बोलता आला असता ना. आता काय बोलू? समदे म्हनतात, चोरी झाली. माझी गोष्ट र्‍हायली बाजूला."

"उमाबद्दल काय वाटतं?"

"पोर भांडकुदळ हाय. पन माझ्याशी भांडते ती कागदावर बरोबर यावं म्हनून. चोर असं भांडत नाय."

तेवढ्यात फाटकातून एक गोरा, गोल माणूस मिठाईचा डबा घेऊन आत आला. टेकचंद. उल्हासनगरात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं.

"टिपणीससाब, दसरा मुबारक! अरे, सगळे असे तोंड पाडून का उभे?"

त्याला कळलं तेव्हा त्याने डबा टेबलावर ठेवला.

"मी घेतला? बाई, चोरी करायची तर सॉफ्टवेअरची करीन. लॉक घेऊन काय अचार घालू?"

"तुमचं सॉफ्टवेअर नाकारलं. राग असेल."

"राग कसला? धंदा आहे. मी पहिल्या दिवशी पेंडसेसाबना विचारलं, तुमचा माल बाहेर किती ठिकाणी जातो, परत कसा येतो? ते बोलले, ते आम्ही बघून घेऊ, तुम्ही ग्राफ दाखवा. त्या मुंबईवाल्याकडे रंगीत ग्राफ होता. माझ्याकडे नव्हता. बस."

"काल पूजेला खोलीत होतात?"

"होतो ना. महिन्याभरात कालच पहिल्यांदा आलो, कमळाभाभींनी बोलावलं म्हणून. पण समोर उभा होतो. मागे तर भाभीच हात घालून पूजा करत होत्या."

कुमुदिनीताई थबकल्या. "मागे?"

शंकररावांच्या पत्नी कमळाबाई पेढ्यांच्या परातीवर फडकं झाकत होत्या. ठेंगण्या, अंबाड्यात अबोलीचा गजरा, बोलायला मोकळ्या.

"वहिनी, कॉम्प्युटरची पूजा तुम्ही केलीत?"

"मीच. दरवर्षी सगळ्या मशीनींची मीच करते. या वर्षी हा नवा पाहुणा. पडद्याला स्वस्तिक, बटणांना कुंकू, प्रिंटरला कुंकू. मग म्हटलं, मागचं कशाला राहू दे? कुठली वायर कशाची, मला कुठे ठाऊक. बाजूने हात घातला आणि जिथे जिथे काही जोडलेलं हाताला लागलं तिथे ओल्या कुंकवाचं बोट ओढलं. एकही जागा सोडली नाही हो."

"अक्षता वाहिल्यात?"

"नाही ना! उमाच म्हणाली, काकू, दाणे आत गेले तर मशीन बिघडेल. नुसतं ओलं कुंकू आणि बाहेर एक फूल."

"तुमच्याआधी किंवा नंतर कोणी पूजा केली?"

"छे. माझं झालं आणि सगळे प्रसादाला गेले. उमाने कुलूप लावलं."

कुमुदिनीताई म्हणाल्या, "साहेब, एक टॉर्च द्या. आणि पेंडश्यांना सांगा, मी हात लावणार नाही. फक्त बघणार."

पेंडसे कुरकुरले. शंकररावांनी डोळे वटारले तेव्हा बाजूला झाले.

कुमुदिनीताईंनी भिंतीला गाल टेकवून टेबलामागे उजेड टाकला. प्रिंटरची केबल कॉम्प्युटरला सरळ जोडलेली होती. कॉम्प्युटरच्या पत्र्यावरून सुरू झालेली कुंकवाची लाल रेघ, जराही न तुटता, केबलच्या जाड तोंडावर उतरली होती. तिचा ओघळ खाली वाळून घट्ट बसला होता.

त्यांनी शंकररावांनाही बघायला लावलं. कमळाबाईंनाही.

"माझंच बोट," कमळाबाई म्हणाल्या. "बाई गं, किती ओघळलंय."

"साहेब, किती वाजले?"

"पावणेबारा."

"सगळ्यांना आत बोलवा. पेंडसे, हरिचंद्र, टेकचंदशेट. आणि उमालाही. तिने मान वर करून बसायचं."

ऑफिसात दाटी झाली. कुमुदिनीताई उभ्या राहिल्या, कीर्तनाला उभ्या राहतात तशाच, पदर खोचून.

"आम्ही कीर्तनकार आधी प्रश्न मांडतो आणि मग कथा लावतो. आजचा प्रश्न असा, की लॉक कोणी नेलं? पण त्याच्याआधी दुसरा एक प्रश्न आहे आणि तो कोणी विचारलाच नाही. लॉक कधी गेलं?"

"पूजेनंतर," पेंडसे म्हणाले.

"असं तुम्ही म्हणता. तुमच्याशिवाय कोणीच नाही. साहेबांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि म्हणून उमा आरोपी झाली. आता कुंकू काय म्हणतं ते ऐका. लॉक मध्ये बसतं. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला केबल. वहिनींनी बोट ओढलं तेव्हा लॉक मध्ये असतं, तर रेघ कॉम्प्युटरवरून लॉकवर गेली असती. लॉक काढून केबल सरळ लावली असती, तर केबलच्या तोंडावर कुंकू असलंच तरी रेघ जुळली नसती. मध्ये तुटली असती. इथे रेघ सलग आहे. ओघळ दोन्हीवर एकच आहे. म्हणजे कुंकू ओलं असताना केबल सरळ कॉम्प्युटरलाच लावलेली होती."

शंकरराव हळूच म्हणाले, "म्हणजे पूजेच्या आधीच लॉक गेलेलं होतं."

"होय. आणि पेंडश्यांनी सकाळपासून कोणाला हात लावू दिला नाही, म्हणून हा पुरावा शाबूत राहिला. त्यांचे उपकारच म्हणायचे."

पेंडसे पुटपुटले, "मला... मला तसं वाटलं असेल. अंधार होता."

"तेच मी म्हटलं होतं, अंधार असेल. तेव्हा तुम्ही म्हणालात, चुकणार नाही. बरं, पूजेच्या आधी कधी? मशीन शेवटचं परवा संध्याकाळी चाललं, तेव्हा लॉक होतंच, नाहीतर चाललं नसतं. त्यानंतर पूजेपर्यंत खोली बंद. मधली मोकळी वेळ एकच. उमाला स्टोअरमध्ये पाठवलं आणि मशीन बंद करायला एकटं कोण थांबलं? हरिचंद्र नव्हे, तो उमाशी भांडत होता. टेकचंदशेट नव्हे, ते परवा आलेच नव्हते."

सगळ्यांच्या नजरा पेंडश्यांकडे वळल्या.

"पण पेंडसे का काढतील?" शंकरराव म्हणाले. "त्यांनीच तर हे आणलं!"

"त्यांनीच आणलं म्हणून. साहेब, सॉफ्टवेअर निवडताना त्यांनी स्टोअरला विचारलं नाही, मशीन-शॉपमधल्या कामगारांना विचारलं नाही. रंगीत ग्राफ बघितला. दोन महिने दोन्ही चालवून पाहिलं तेव्हा कळलं, की हे दुकानाचं आहे, कारखान्याचं नाही. बाहेर टर्निंगला गेलेल्या मालाला त्यात जागाच नाही. उमाने सांगितलं, हरिचंद्रने सांगितलं. आणि परवा दुपारी कळलं, की हरिचंद्र आज सगळ्यांसमोर विचारणार. आज मशीन चालू झालं असतं, तर सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं, की पेंडसे चुकले. लॉक नसेल तर मशीनच चालणार नाही. मग चुकलं सॉफ्टवेअर नव्हे, गेली ती डबी. तोवर मुंबईवाल्यांकडून काहीतरी दुरुस्ती करून घेता येईल. बरोबर?"

पेंडसे एकदम म्हणाले, "पुरावा काय? कुंकवाची रेघ?"

"पुरावा तुमच्याच तोंडून आला. तुम्ही म्हणालात, लॉकवर कुंकवाचं बोट होतं आणि त्यात अक्षता चिकटलेल्या. वहिनींनी कॉम्प्युटरला अक्षता वाहिल्याच नाहीत. मग अक्षता आल्या कुठून? खोटं बोलताना माणूस नवीन काही रचत नाही हो. डोळ्यांपुढे असतं तेच सांगतो. अक्षता लागलेलं लॉक तुम्ही पाहिलंय. दुसरीकडे."

त्या पेंडश्यांजवळ गेल्या. आवाज एकदम मऊ झाला.

"तुम्ही भाविक माणूस. लॉक काढलंत, पण खंडेनवमीला कंपनीचं एवढं मोलाचं हत्यार पूजेवाचून राहावं, हे तुमच्याने सोसलं नाही. तुमच्या स्वतःच्या पूजेत मांडलंत ना? पेन, कॅल्क्युलेटर, त्याच्याशेजारी. आणि ज्याने अक्षता वाहिल्या, तो उत्तरपूजा झाल्याशिवाय ते उचलणार नाही. ती तुमची अजून व्हायची असेल. सकाळपासून इथेच पहारा देताय. म्हणजे ते अजून जागेवर आहे. कुठे, ते तुम्हीच दाखवा."

पेंडसे बाहेरच्या खोलीतल्या आपल्या टेबलाशी गेले. खालच्या खणाचं कुलूप काढलं. आत लाल कापडावर शाईचं पेन, कॅल्क्युलेटर आणि राखाडी डबी. तिच्यावर कोरड्या कुंकवात दोन तांदूळ.

कमळाबाईंनी कपाळाला हात लावला.

"मला उमावर ढकलायचं नव्हतं," पेंडसे म्हणाले. "म्हटलं, डबी पूजेनंतर गेली असं सांगितलं की परवाचं कोणी विचारणार नाही. खोलीचं कुलूप उमाने लावलं, हे डोक्यातच आलं नाही."

"सकाळी आलं ना?" कुमुदिनीताई म्हणाल्या. "साहेबांनी तिचं नाव घेतलं तेव्हा?"

"आलं."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."



शंकरराव खुर्चीत बसले. रागावायचं त्यांच्या अंगात उरलं नव्हतं. "पेंडसे, वीस वर्षं आहात. चुकलो म्हणून मला सांगायचं होतंत. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" मग हरिचंद्रकडे वळून म्हणाले, "वह्या बंद होणार नाहीत. दिवाळीनंतर सगळे बसू. स्टोअर, शॉप, सगळे. आधी आपलं काम कसं चालतं ते सांगायचं, मग सॉफ्टवेअर बघायचं. टेकचंदशेट, तुम्हीही या."

"ग्राफ घेऊन येऊ काय?" टेकचंद म्हणाला. कोणी हसलं नाही.

"उमा, बाळ," शंकरराव म्हणाले, "माझं चुकलं. लॉक लाव. मुहूर्त टळलेला नाही अजून. पहिलं चलान तुझ्याच हातून होऊ दे."

उमा उठली. पण मशीनकडे गेली नाही.

"मी नाही बसणार, साहेब."

"अगं..."

"सकाळपासून अख्खा शॉप मला चोर म्हणून बघतोय. उद्या मी मशीनवर बसले तरी म्हणतील, आत्याने येऊन मिटवलं. इथे चार जणांना कळलं, त्याने काय होतंय?" "ज्यांनी माझ्यावर आळ आलेला बघितला, त्यांच्यासमोर सांगायचं. काकांनी. मग बसेन."

शंकररावांनी पेंडश्यांकडे पाहिलं. पेंडश्यांनी कुमुदिनीताईंकडे. त्यांनी काहीच खूण केली नाही.

पेंडसे दार उघडून बाहेर पायरीवर गेले. अंगणात सगळे उभे होते. कोणीतरी "शूऽऽ" केलं.

"उमाने काही घेतलेलं नाही," पेंडसे म्हणाले. "लॉक मी काढलं होतं."

पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागून कोणीतरी विचारलं, "काय बोलले?"

उमा दारात येऊन उभी राहिली होती.

"काका," ती म्हणाली, "मागच्यांना ऐकू आलं नाही."

पेंडश्यांनी डोळे मिटले. श्वास घेतला. आणि पार फाटकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात पुन्हा सांगितलं.